अनोळखी माणसांना मी किती वेळा समजावून सांगू?

प्रश्न: माझं वय ३१. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला, पण पुरुष म्हणून जगणारा. घरच्यांना, मित्रांना, ऑफिसातल्या जवळच्या माणसांना हे माहीत आहे आणि त्यांच्याशी मी मोकळेपणाने बोलतो. त्यांची काही अडचण नाही. अडचण बाकीच्या जगाची आहे. माझा आवाज आणि चेहरा लोकांना अजून कोड्यात टाकतो, आणि एकदा का कोणाच्या लक्षात आलं की सरबत्ती सुरू होते. ‘ऑपरेशन झालंय का?’ ‘आधीचं नाव काय होतं?’ ‘घरचे काय म्हणाले?’ ‘मग लग्नाचं काय?’ दोन मिनिटांपूर्वी ज्याला माझं नावही ठाऊक नव्हतं, तो माणूस माझ्या कपड्यांच्या आतलं विचारतो.

कित्येक वर्षं मी उत्तरं देत आलो. शांतपणे, हसून. वाटायचं, आपण नीट सांगितलं तर या माणसाला कळेल आणि आपल्यानंतर त्याला भेटणाऱ्या ट्रान्स माणसाचा त्रास वाचेल. आता मात्र अंगात त्राणच उरलेलं नाही. मागच्या महिन्यात मनगट मुरगळलं म्हणून दवाखान्यात गेलो. बँडेज बांधणाऱ्या मुलाने कागदावर माझं जुनं नाव बघितलं आणि माझा हात धरून, बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘म्हणजे खाली नक्की काय आहे?’ मी उत्तर दिलं. का दिलं, मलाच कळत नाही. मनगट त्याच्या हातात होतं म्हणून असेल.

त्यानंतर काही दिवसांनी रेल्वेत समोरच्या बाकावर एक आजी होत्या. त्यांनी फार हळुवारपणे विचारलं, ‘बाळा, राग मानू नकोस, पण तू आधी मुलगी होतास का?’ ‘मला झोपायचंय,’ असं म्हणून मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘आमच्या नातीचंही असंच काहीसं चाललंय.’ मी झोपेचं सोंग तसंच चालू ठेवलं. उतरताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून मन खातंय.

माझी एक जवळची मैत्रीण म्हणते, ‘तुम्ही लोकांनीच सांगितलं नाही तर बाकीच्यांना कळणार कसं?’ तिचं चुकतंय का? की मीच स्वार्थी झालोय?

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

उत्तर: नमस्कार,

तुम्ही स्वार्थी झालेला नाहीत. तुम्ही दमला आहात, आणि त्यात नवल काही नाही. भेटेल त्याला शिकवायचं काम वर्षानुवर्षं तुम्ही एकही सुट्टी न घेता करत आलात. ते तुमच्यावर सोपवलं कोणी, हे विचारायची वेळ आता आली आहे.

मैत्रिणीच्या म्हणण्यावर येते, आजींवरही येते. त्याआधी एक सांगते. बँडेजवाल्या मुलाचा प्रश्न, आधीच्या नावाची चौकशी, आजींचा प्रश्न, हे सगळं तुमच्या मनात एकाच खात्यात जमा झालंय. त्यामुळे सगळ्यांना उत्तर द्या नाहीतर कोणालाच देऊ नका, असे दोनच रस्ते तुम्हाला दिसताहेत.

कोणी काही विचारलं की मनातल्या मनात एवढंच बघा: याचं उत्तर मिळाल्यावर हा माणूस वेगळं काय करणार आहे? नवीन सहकारी विचारतो, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ उत्तर मिळालं तर तो उद्यापासून नीट हाक मारेल. जरूर सांगा. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघताना विचारतात, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) चालू आहे का? त्यांना कळायलाच हवं, कारण टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढतं, आणि रिपोर्टवर पुरुषांसाठी आणि बायकांसाठी आकडे वेगळे छापलेले असतात. कुठले आकडे धरायचे हे माहीत नसेल तर रिपोर्ट चुकीचा वाचला जाईल. नोकरीत जुनी प्रमाणपत्रं तपासणाऱ्या माणसाला जुनं नाव लागणारच. ते त्या एका माणसाला, त्या कागदापुरतं. आता रेल्वेतल्या एखाद्या गृहस्थांना तुमचं ऑपरेशन झालंय की नाही हे समजलं, तर ते काय करणार? पुढच्या स्टेशनवर उतरतील आणि घरी जाऊन सांगतील, आज गाडीत कोण भेटलं माहितेय का!

यात सुराला महत्त्व देऊ नका. पुष्कळ लोक गोड बोलून, ‘राग नका मानू हं’ असं म्हणून विचारतात. त्यांना नाही म्हणणं उर्मटांना नाही म्हणण्यापेक्षा जड जातं, हे मी समजू शकते. पण गोड विचारलं म्हणून प्रश्न तुमच्या शरीराबद्दलचा राहत नाही, असं होत नाही.

ट्रान्स माणसाने विचारेल त्याला सगळं सांगावं, ही अपेक्षा आली कुठून, हे थोडं मागे जाऊन बघण्यासारखं आहे. १ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने क्रिस्टीन जॉर्गेन्सन या तरुणीची बातमी पहिल्या पानावर छापली. एकेकाळी अमेरिकन सैन्यात असलेली क्रिस्टीन डेन्मार्कमध्ये उपचार घेऊन स्त्री म्हणून जगू लागली होती. फेब्रुवारी १९५३ मध्ये ती परत आली तेव्हा न्यूयॉर्कच्या विमानतळावर पत्रकारांची झुंबड उडाली. तिने फोटोग्राफीचं शिक्षण घेतलं होतं आणि त्यातच काम करायची तिची इच्छा होती. जगाला मात्र तिच्याकडून एकाच विषयावर ऐकायचं होतं. पुढे ती रंगमंचावर गायली, व्याख्यानं देत फिरली, पण लोक बघायला येत ते ‘त्या बातमीतल्या’ क्रिस्टीनला.

डॉक्टरांच्या खोलीत तर याहून अवघड होतं. १९६६ मध्ये हॅरी बेंजामिन या डॉक्टरांचं ट्रान्स पेशंटांवरचं पुस्तक अमेरिकेत आलं. त्यानंतरच्या काळात उपचार हवे असतील तर स्वतःची सगळी जीवनकथा सांगून क्लिनिकची खात्री पटवावी लागे. बरेच जण ते पुस्तक वाचून, त्यातल्या वर्णनात बसेल अशी हकीकत पाठ करून जात. जे खरं होतं पण त्या वर्णनात बसत नव्हतं, ते गाळून टाकत. हकीकत पटली नाही तर उपचार नाहीत, मग दुसरं काय करणार? ट्रान्स माणसाने आधी आपलं आयुष्य कोणापुढे तरी मांडायचं, समोरच्याने मान डोलावली की मगच जगायला लागायचं, हा पायंडा असा पडला. तुम्हाला भेटणाऱ्या लोकांनी यातलं काही वाचलेलं नसेल, तरी तपासनिसाची ती खुर्ची आपल्यासाठीच मांडली आहे असं त्यांना वाटतं, आणि ते खुशाल बसतात.

कागदोपत्री हा पायंडा काही ठिकाणी मोडला गेला आहे. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये कायदा करून नोंदीतलं नाव आणि लिंग स्वतःच्या सांगण्यावरून बदलायची सोय केली. ऑपरेशनचा किंवा मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला मागायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ट्रान्स असण्याचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला गेला. ते वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याआधी २००६ मध्ये मानवी हक्कांच्या जाणकारांनी इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात जमून काही तत्त्वं ठरवली. त्यातलं सहावं खासगीपणाबद्दल आहे, आणि आपल्या लिंगओळखीची माहिती उघड करायची की नाही हे ठरवण्याची मुभाही त्यात धरलेली आहे. सरकारी कारकुनाला जो कागद मागता येऊ नये असं एखादा देश ठरवतो, त्या कागदावरचा मजकूर समोरच्या बाकावरच्या प्रवाशाने का मागावा?

आता तुमच्या मूळ हेतूबद्दल. आपण सांगितलं तर लोकांना कळेल, पुढच्याचा त्रास वाचेल, हा हेतू फार मोठ्या मनाचा आहे, आणि म्हणूनच मला स्पष्ट बोलावंसं वाटतं. शरीराबद्दलच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देता तेव्हा त्या माणसाला ट्रान्स असण्याबद्दल काही कळतं की नाही, सांगता येत नाही. पण ट्रान्स माणसाला असं विचारलं तर चालतं, आणि तो हसून सांगतोही, हे त्याला पक्कं कळतं. पुढच्या ट्रान्स माणसाला तो तेच विचारणार, आणि तो गप्प राहिला तर वर म्हणणार, ‘मागे एक भेटला होता, त्याने तर सगळं सांगितलं!’

नकार देऊनही शिकवता येतं, याचं एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात मुलाखतकार केटी कुरिक यांनी मॉडेल कार्मेन करेरा यांना त्यांच्या शरीराबद्दल विचारलं. हे खासगी आहे, असं म्हणून करेरांनी विषय तिथेच थांबवला. त्यांच्यानंतर आलेल्या अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्स यांच्यापुढेही तोच विषय निघाला. सगळं लक्ष ऑपरेशनवर गेलं की ट्रान्स माणूस एक वस्तू होऊन बसतो आणि त्याच्यावर होणाऱ्या हिंसेबद्दल, भेदभावाबद्दल बोलणं राहूनच जातं, असं त्यांनी सांगितलं. दोघींनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्या मुलाखतीवर पुष्कळ चर्चा झाली, आणि २०१७ मध्ये त्याच कुरिक यांनी लिंगओळखीवर एक सबंध माहितीपट केला. त्या दिवशी त्यांना हवी ती उत्तरं मिळाली असती तर त्या एवढा विचार करत्या, असं मला वाटत नाही.

अर्थात टीव्हीच्या स्टुडिओत नकार देणं आणि रात्रीच्या गाडीत, एकट्याने, समोर चार जण बसलेले असताना नकार देणं यात फार अंतर आहे. समोरच्याचा रंग ठीक दिसत नसेल तर तत्त्वाचा विचार बाजूला ठेवा. खोटं बोला, विषय बदला, जागा बदला, फोन कानाला लावा. ज्याला खरं ऐकायचा हक्कच नाही, त्याच्याशी खोटं बोलल्याचं ओझं घेऊ नका.

एरवी मात्र एक छोटं वाक्य तयार ठेवा आणि ते घरी मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे वेळेवर तोंडातून निघेल. ‘हे मी अनोळखी माणसांशी बोलत नाही,’ एवढं पुरे. त्याला सॉरी जोडू नका, कारण देऊ नका, कारण दिलं की त्या कारणावर वाद सुरू होतो. ‘तुम्ही असं का विचारताय?’ हे बरेच जण सुचवतात. मला ते फारसं पटत नाही, कारण तो पुन्हा संवादच आहे, आणि तुम्हाला तर संवाद संपवायचाय.

थकव्याबद्दल आणखी थोडं. इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये समलिंगी आणि उभयलिंगी लोकांच्या संदर्भात एक मांडणी केली, ती पुढे ट्रान्स माणसांच्या अनुभवालाही लावली गेली. तिचा गाभा असा, की अल्पसंख्य माणसाला प्रत्यक्ष झालेल्या त्रासाबरोबरच होऊ शकणाऱ्या त्रासाचा ताणही येतो. म्हणजे बसमध्ये कोणी काहीच विचारलं नाही, तरी कोण बघतंय, कोण आता तोंड उघडणार, याचा अंदाज घेण्यात तुमची शक्ती जातेच. त्यामुळे ‘आज तर काही झालं नाही, मग दमलो कशाने?’ असं स्वतःला रागावू नका.

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न प्रामाणिक आहे. लोकांना कळायला हवं, हे तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण ते तुमच्याकडूनच, समोरासमोर, तिकीट तपासनीस येईपर्यंतच्या वेळात कळायला हवं, हे मान्य नाही. स्वतःहून बोलायचं ठरवलेल्या ट्रान्स माणसांनी लिहिलंय, मुलाखती दिल्यात. ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याला वाचायला आणि ऐकायला भरपूर आहे. आणि त्या मैत्रिणीला तुमच्याकडून इतक्या वर्षांत बरंच कळलं असेलच. मग पुढच्या वेळी तिच्यादेखत कोणी तुम्हाला विचारलं तर तुमच्या आधी तिने तोंड उघडायला काय हरकत आहे? ‘असं विचारत नाहीत हो कोणाला’ हे वाक्य तुमच्यापेक्षा तिच्या तोंडून जास्त लागू पडेल, कारण तुम्ही बोललात की लोकांना ती तुमची तक्रार वाटते. तिला एवढंच बजावून ठेवा, की तुमची हकीकत तिने परस्पर कोणाला सांगायची नाही, चांगल्या हेतूनेसुद्धा. लोकांना शहाणं करण्याच्या उत्साहात ‘अहो, माझाच एक मित्र ट्रान्स आहे’ म्हणून नाव घेणारी चांगली माणसं फार आहेत. ते नाव कोणाला कळावं हे ठरवायचा अधिकार तुमचा आहे.

आता आजी. सगळं पत्र तुम्ही याच परिच्छेदासाठी लिहिलंत, असं मला वाटतं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हा नातीचं नाव काढलं नव्हतं. तुमच्यापुढे होती आणखी एक अनोळखी व्यक्ती आणि तोच जुना प्रश्न, तोही दवाखान्यातल्या प्रकाराला काही दिवस होतात न होतात तोवर. तुम्ही डोळे मिटलेत ते बरोबरच केलंत. मन खातंय ते त्यांच्या दुसऱ्या वाक्यानंतर, कारण तेव्हा तुमच्या लक्षात आलं की या बाईंना चौकशी करायची नव्हती, त्यांना मदत हवी होती. त्यांना कदाचित आयुष्यात पहिल्यांदा असं कोणी भेटलं होतं, ज्याच्याकडे बघून त्यांना वाटलं असेल, म्हणजे असं मोठं होता येतं, नोकरी करता येते, गाडीने एकट्याने जाता येतं. हे त्यांना तुमच्याकडे नुसतं बघूनही समजलं असेल, असं मी मानते. तुमच्या जागी मी असते तर हे स्वतःला सांगितलं असतं.

पण समजा, उद्या पुन्हा असं कोणी भेटलं आणि त्या दिवशी तुमच्यात बळ असलं, तर काय करायचं? तेव्हाही ‘तू आधी मुलगी होतास का’ याचं उत्तर द्यायची गरज नाही. त्या उत्तराने नातीचं काहीच भलं होत नाही. नातीच्या उपयोगी पडेल असं एखादं वाक्य द्या. ‘आजी, माझं राहू द्या. तुमचं लेकरू स्वतःबद्दल काय सांगतंय ते मधे न बोलता ऐकून घ्या, आणि ते सांगेल त्या नावाने हाक मारून बघा.’ एवढं ऐकून त्या घरी जाऊन खरंच काहीतरी वेगळं करू शकतील. यात तुमचं शरीर आलं नाही, जुनं नाव आलं नाही, घरच्यांची रडारड आली नाही. आणि त्या दिवशी बळ नसेल तर डोळे मिटून घ्या. त्या नातीला आजी आहे, आणि ती आजी अनोळखी माणसाला विचारण्याइतकी तिची काळजी करते आहे. त्या मुलीचं सगळं भवितव्य तुमच्या एका रेल्वेप्रवासावर टांगलेलं नव्हतं.

राहिला दवाखाना. त्याचा इलाज वेगळा आहे, कारण तिथून उठून जाता येत नाही. ‘मनगट त्याच्या हातात होतं’ हे तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. ज्याच्याकडून उपचार घ्यायचेत त्याला दुखवायची भीती वाटते, आणि माणूस नको ते बोलून जातो. उत्तर दिलंत म्हणून स्वतःला दोष देऊ नका. दोष विचारणाऱ्याचा आहे: मनगट बांधायला त्या माहितीची काडीइतकीही गरज नव्हती, आणि असती तरी बाकांवरच्या लोकांसमोर विचारायची ती गोष्ट नव्हे.

पुन्हा असं झालं तर, ‘याचा माझ्या मनगटाशी काय संबंध आहे?’ असं विचारा. मघाशी रेल्वेसाठी मी प्रतिप्रश्न नको म्हणाले, इथे मात्र तो हवा. उपचार करणाऱ्याने कारण सांगणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. खरंच वैद्यकीय कारण असेल तर ते सांगतील, मग तुम्ही आत, दार लावून, डॉक्टरांशी बोला. झाल्या प्रकाराची लेखी तक्रार करावी असं माझं मत आहे: तारीख, वेळ, वापरलेले शब्द, आजूबाजूला लोक होते ही गोष्ट, एवढंच, अर्ध्या पानात. तुमचा इतिहास त्यात एका ओळीनेही लिहू नका. तक्रारीची ताकद आत्ता नसेल तर निदान हे सगळं आठवतंय तोवर वहीत टिपून ठेवा, पुढे वाटलं तर उपयोगी पडेल.

अशा अनुभवांनंतर कित्येक ट्रान्स माणसं डॉक्टरकडे जाणंच सोडून देतात आणि साधी दुखणी वाढवून बसतात. तुम्ही तसं करू नका. मनगट अजून दुखत असेल तर याच आठवड्यात दुसऱ्या दवाखान्यात दाखवा. जाताना त्या मैत्रिणीला बरोबर न्या, आणि बाहेर बसल्या बसल्याच ठरवून ठेवा, की तसा प्रश्न आला तर आधी तिने बोलायचं.